खाजामियाँनी मोटार धुतली

...आता तेल कशाला लावायचं, म्हणतो मी! धुतली, पुसली, झालं की! पण खाजामियाँला सांगणार कोण? तुम्हाला सांगतो, आख्ख्या परंड्यात तवा खाजगी मोटारी दोन. एक डाक्टरची, दुसरी आमच्या शेजारच्या खाजामियाँची. धंदा बांगड्यांचा, पण जीव सगळा मोटारीत! हैदराबादेला निघालेल्या वकिलाकडनं घेतलेली, जुनी, काळीभोर. धुणार तर सोता. म्हणायचे, "दुसऱ्याचा हात न्हाय लागला पायजे!"

त्या दिवशी सोलापूरचे मकबूलसाहेब, शाळंतले हेडमास्तर, आपल्या पोरासाठी मियाँची हमिदा बघायला येणार. दुपारच्या गाडीनं कुर्डुवाडीला उतरणार. दोन ठिकाणं आधीच मोडलेली... एकाला घर लहान वाटलं, एकानं तर कारणबी न्हाय सांगितलं! मियाँनी ठरवलं, पाव्हणा मोटारीतनं आणायचा, अन् मोटार अशी पायजे की बघताक्षणी हो म्हणल!

झालं! सकाळधरनं लुंगी खोचून सुरू. इहिरीच्या वीस बादल्या! चाकातला चिखुल काडीनं काढतायत, काचंवर फुंकर मारतायत... मी म्हणलं, "मियाँ, एक चाक मी घासू?"

"न्हाय! दुसऱ्याचा हात..."

बरं बाबा! तेवढ्यात समोरची मथुराबाई, "खाजाभाऊ, त्या पितळी दिव्यांला चिंच लावा की!" लावली. दिवे लखलखले. इथवर ठीक. पण बिरदेव पैलवान आला ना! मिशीला पीळ देत म्हणतो, "मियाँ, करडीचं तेल चोळा. माजं अंग बगा कसं चमकतंय!" आता पैलवान काय अन् मोटार काय! पण मियाँनी बुधली आणली न् टपापासनं चाकापतुर चोळली की हो! आतनं मियाँची बायको शरिफाबी वरडली, "अजी, मोटार धो रैं के पराठा तल रैं?"

पण चमकली बरं का! लोक तिच्यात बघून भांग पाडून गेले! मियाँ आत बसले ते बादशहावानी.

अन् कुर्डुवाडीचा रस्ता? नुसता फुफाटा! फर्लांगभर गेले न्हाईत तर माती चिकटायला लागली, थरावर थर, पुसावं तर आणखीच माखतंय! ठेसनात पोचली तवा मोटार कुठली... सारवलेली भिंत! मकबूलसाहेब पांढऱ्याफेक शेरवानीत उभे. "मोटार किधर है?" मियाँनी बोट दाखवलं. साहेबांनी चष्मा पुसला, परत घातला, मोटारीला हात लावून बघितला... अन् तोच हात शेरवानीवर!

घरी आले तवा मियाँचं तोंड एवढंसं. हेबी ठिकाण गेलं! पण हमिदा पडद्याआडनं पुढं आली, शेरवानी मागून घेतली, डागावर डाळीचं पीठ दाबून ठेवलं, झटकलं, पुसलं... डाग गायब! शेरवानी परत देताना म्हणाली, "चचा, अब्बा पे गुस्सा नको करो. सबेरे से धो रैं, अभी तक खाना नै खाए." हेडमास्तरांनी शेरवानी अंगात चढवली. म्हणले, "रिश्ता मंजूर!"

शरिफाबीनं पदर डोळ्याला लावला, अन् हेडमास्तरांनी बोट वर केलं, "पर एक शर्त."

मियाँ गळाठले. सोनं मागतोय का हा? काय मागतोय?

"बारात बस से आएगी."

आता मियाँ चिडणार, आमी सगळे दम धरून. तर मियाँ दोन्ही हातांनी कंबर धरून भिंतीला टेकले न् म्हणले, "या बाबा, बसनंच या... माज्याच्यानं आता हात वर हुईना!"