नखरीची फॅट

बाबा: सहा पूर्णांक दोन.

लेक: काय सहा पूर्णांक दोन?

बाबा: फॅट. नखरीची. आत्ता डेअरीत नेऊन तपासून आणलं दूध. ही घे चिठ्ठी, आणि मग सांग मला, पातळ दुधाची गाय कोणती ते.

लेक: नखरीची फॅट सहा?

बाबा: पूर्णांक दोन. ते विसरू नकोस.

लेक: बाबा, गेल्या महिन्यात तिची दोन पूर्णांक नऊ लागली होती. त्याआधीही कधी तीनच्या वर गेली नाही.

बाबा: तेव्हा मी खाटेवर होतो. गुडघ्याला टाके, पाय उशीवर. आता मी गोठ्यात यायला लागलो. जनावर खुलतं, त्याला मी काय करू?

लेक: दुपटीनं खुलतं?

बाबा: दुपटीपेक्षा जरा जास्तच.

लेक: ही तर म्हशीची फॅट झाली. डेअरीवाल्यानं विचारलं नाही, म्हैस कधी घेतली म्हणून?

बाबा: विचारलं. मी म्हटलं, तुझं मशीन, तूच बघ. बरं, ते सोड. तू आधी त्या पलीकडच्या गोठेवाल्याला फोन लाव. रविवारी गाय न्यायला येऊ नकोस म्हणावं. आम्हाला विकायची नाही.

लेक: शब्द दिलाय मी त्याला. तुमच्यासमोर दिलाय.

बाबा: माझ्यासमोर दिलास. मला विचारून नाही दिलास.

लेक: विचारलं होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात.

बाबा: तोच नकार होता.

लेक: तुमच्याशी बोलायचं म्हणजे दुभाष्या ठेवायला हवा. या, इथे कठड्यावर बसा. पाय लांब करा. पुन्हा एकदा सांगते. डेअरी आता लिटरवर पैसे देत नाही.

बाबा: ठाऊक आहे. फॅट आणि एसएनएफवर देते. फॅट म्हणजे लोणी, एसएनएफ म्हणजे बाकीचा ऐवज, आणि उरलं ते पाणी. खाटेवर पडून मला हेच तर ऐकावं लागलं चार महिने.

लेक: मग हेही ऐकलं असेल की टाकी साडेतीनच्या खाली गेली की सगळ्याच दुधाचा दर पडतो. आपल्या सात गाई, एक टाकी. त्यातलं पाव दूध एकट्या नखरीचं, आणि तेच सगळ्यात पातळ. ती एकटी बाकीच्या सहाजणींना खाली ओढते.

बाबा: पाव दूध एकटी देते, ही तुझी तक्रार. मी तेच मिरवलं इतकी वर्षं. तिची बादली घेऊन या दारातून निघालो की माणसं बोलता बोलता थांबायची.

लेक: थांबायची, कारण बघायला पैसे पडत नव्हते. पेंड मात्र विकत येते. दोघींची पेंड एकटी खाते ती. दर असाच राहिला तर त्या दोन कालवडी विणार कुठे आणि खाणार काय? मग त्या विका. मग उरल्या त्या विका. आणि मी पुन्हा त्या गोदामाच्या ऑफिसात जाऊन बसते, दिव्याखाली. मला नाही जायचं तिथे. हा गोठा मला चालवायचाय.

बाबा: चालव की. कोण नको म्हणतंय? नखरीला घेऊन चालव. सहा पूर्णांक दोन.

लेक: चिठ्ठीवर आकडा खरा आहे, हे मानलं. आता बाटली कोणत्या बादलीतून भरलीत, तेवढं सांगा.

बाबा: नखरीच्या.

लेक: सकाळी तिची बादली मीच टाकीत ओतली. तुम्ही तेव्हा कुठे होतात?

बाबा: इथेच. आसपास.

आई: चहा घ्या दोघं. आणि माझी खोकल्याच्या औषधाची बाटली कुणी नेली? औषध कपात काढून ठेवलंय आणि बाटली गायब. मी अंधारात तो कप तोंडाला लावला असता म्हणजे?

लेक: लहान, निळ्या झाकणाची ना? बाबांच्या खिशात आहे. आत दूध होतं.

आई: हां. म्हणजे दुसरी गोष्टही यांचीच. बाई गं, ओट्यावर तो मोठा तांब्या भरून दूध कुठून आलं? मी नुसतं तापवलं, तर साय अशी आली की चमचा उभा राहील. मला वाटलं तू कुठून म्हशीचं आणलंस.

लेक: मी नाही आणलं.

बाबा: चहात साखर कमी आहे.

आई: साखर नेहमीएवढीच आहे. तुमचा चेहरा उतरलाय, म्हणून कमी लागतेय.

लेक: बाबा, मी नखरीचं धारेचं मशीन काढून पुढच्या गाईकडे गेले. तेव्हा तुम्ही खाली बसून हातानं तिचं शेवटचं दूध काढलंत. आणि त्यातलं बाटलीत भरून डेअरीत नेलंत.

बाबा: दूध नखरीचंच होतं. मी त्यात काही मिसळलं नाही.

लेक: शेवटचं होतं. पहिली धार पातळ आणि शेवटची दाट, हे तुम्हीच मला शिकवलंत, मी परकर नेसत होते तेव्हा.

बाबा: शिकवलं ना? मग बापाला शिकवू नकोस. वकील नाही का आपल्या माणसाची चांगली बाजू पुढे करत? मी गाईची केली.

आई: खाली बसलात? त्या गुडघ्यावर? डॉक्टरांनी मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, असं मला बजावून सांगितलंय, आणि हे गाईखाली बसून वकिली करतायत.

बाबा: तू मध्ये पडू नकोस.

आई: मी नाही पडत. तुम्ही पडाल, म्हणून सांगते.

लेक: थांब आई. तांब्या केवढा होता म्हणालीस?

आई: मोठा. पाहुण्यांचा. काठापर्यंत.

लेक: आणि बाटली वेगळी. म्हणजे लिटरभर तरी झालं. बाबा, एवढं दूध मी मशीन काढल्यावर तिच्या कासेत होतं?

बाबा: होतं, म्हणून तर निघालं. ते काय मी घरून नेलं होतं?

लेक: चेष्टा नको. मला वाटलं होतं कास रिकामी झाली. नळीत धार बारीक दिसली की मी मशीन काढते. डेअरीची गाडी आता लवकर येते, तिला उशीर चालत नाही.

बाबा: नखरी कधी एका दमात देत नाही. मधेच धरून ठेवते. थोडं थांबायचं, कास चोळायची, दोन शब्द बोलायचे, मग पुन्हा सोडते. म्हणून तर नखरी नाव ठेवलं. तुला वाटलं, शिंगांवरून ठेवलं?

लेक: आणि बाकीच्या?

बाबा: बाकीच्याही थोडं थोडं ठेवतच असतील. घाई केली की सगळ्याच ठेवतात. जनावर आहे ते, तोटी नाही.

लेक: म्हणजे चार महिने मी सातही गाईंचं सगळ्यात दाट दूध कासेतच सोडून येतेय. आणि पातळ टाकीत ओतून वर नखरीला बोल लावतेय.

आई: झालं. आता हिचाही चेहरा उतरला.

लेक: नाही उतरला आई. उलट डोकं चालायला लागलंय. बाबा, मशीन अजून थोडा वेळ लावून ठेवलं तर?

बाबा: नको. धार संपल्यावर कोरडं ओढलं की सड दुखावतात. आठवडाभरात गाय जवळ येऊ देणार नाही. शेवटी हातच लावायला हवा.

लेक: मग तुम्ही लावा. मी मशीन काढून पुढे जाईन, माझ्यामागून तुम्ही या. आजच्या संध्याकाळपासून, सातही गाई. पण दूध बाटलीत जाणार नाही, बादलीत जाईल. बादली नीट ढवळून मग प्रत्येकीचं वेगळं तपासायचं. परवापर्यंत.

बाबा: आणि नखरी?

लेक: तिचंही तसंच. तिनं साडेतीन गाठलं, तर मी स्वतः जाऊन माझा शब्द मागे घेते. नाही गाठलं, तर ती जाते. मान्य?

बाबा: गाठेल की. न गाठायला काय झालं?

आई: आणि बसणार कशावर? ते सांगा आधी.

लेक: घरात उंच स्टूल आहे, त्याचे पाय थोडे कापून आणते. मांडी नाही, उकिडवं नाही. डॉक्टरांनी काही विचारलं तर तू सांग, खुर्चीवर बसतात.

आई: मी कशाला खोटं बोलू? हे आहेत की त्या कामाला.

(दोन दिवसांनंतर, संध्याकाळी. गोठा धुऊन झाला आहे. बाबा कापलेल्या स्टुलावर बसून आहेत.)

लेक: बाबा, आले बघा डेअरीतून. टाकी तीन पूर्णांक आठ.

बाबा: हं.

लेक: हं काय? तीन पूर्णांक आठ. एसएनएफही साडेआठच्या वर आहे. आजपासून आपल्याला वरचा दर. ती बुटकी तपकिरी आहे ना, जिला तुम्ही बकरी म्हणता, तिची चार पूर्णांक तीन लागली. डेअरीवाला म्हणाला, गाईंना काय खायला घालता? मी म्हटलं, काही नाही, एक म्हातारा बसवलाय त्यांच्यामागे.

बाबा: म्हातारा म्हणालीस?

लेक: त्याला समजावं म्हणून.

बाबा: आणि नखरी?

लेक: तीन पूर्णांक तीन.

बाबा: दोन्ही वेळच्या दुधाची?

लेक: सकाळची तीन पूर्णांक दोन, आत्ताची तीन पूर्णांक तीन. बादली ढवळली होती. तुम्ही स्वतः ढवळलीत.

बाबा: मीच ढवळली. चांगली ढवळली.

लेक: बाबा, एक बोलू? टाकी आता वर आली आहे. नखरी राहिली तरी ती साडेतीनच्या खाली जायची नाही. तुमचा जीव आहे तिच्यात, मला दिसतं ते. तुम्ही म्हणालात तर मी फोन करते. पलीकडचा रागावेल, पण समजून घेईल.

बाबा: नको करू.

लेक: नको?

बाबा: टाकी वर आणली ती बाकीच्या सहाजणींनी. ही त्यांच्या जिवावर राहणार, आणि वर दोघींचं खाणार. मला ते बघवणार नाही. माझी गाय कुणाच्या जिवावर राहिलेली नाही आजवर. आणि मी काही कमी केलं नाही गं. चोळलं, थांबलो, बोललो. थेंब ठेवला नाही तिच्या कासेत. माझ्या हातानंसुद्धा तिनं साडेतीन गाठलं नाही, म्हणजे ते तिच्यात नाहीच. तो काही तिचा दोष नव्हे.

लेक: नाहीच. तिथे ती बरी राहील, बाबा. तो डेअरीला घालत नाही, इस्पितळाच्या कॅन्टीनला लिटरवर घालतो. त्याला भरलेली बादली हवी असते, फॅट कुणी विचारत नाही. तिच्या बादलीकडे बघून तिथे माणसं पुन्हा थांबतील.

बाबा: थांबतील. थांबायलाच हवं.

लेक: वाईट वाटतंय ना?

बाबा: वाटतंय. का नाही वाटणार? अकरा वेळा हिनं मला लाथ मारलीय, आणि एकदाही बादली सांडली नाही. अशी गाय पुन्हा नाही मिळायची. पण तिची जागा मोकळी झाली की मोठी कालवड तिथे बांध. वारा येतो तिथे. विताना बरं पडेल तिला.

आई: जेवायला येताय की इथेच ताट आणू? स्टुलावरून उठवत नाही वाटतं साहेबांना.

लेक: येतो आई. बाबा, सकाळी तो न्यायला येईल, पण मला वाटतं तुम्हीच तिला चालत घेऊन जा. जवळ तर आहे. त्याला तिची रीत समजावून सांगा. उद्या तिथे त्यानं घाई केली, तर ती दूध धरून ठेवेल आणि तो बिचारा मला बोल लावेल.

बाबा: रीत तू सांग. डावीकडून बसायचं, उजवीकडून बसलं की लाथ. कास आधी कोमट पाण्यानं पुसायची. तिनं मधेच धरलं, तर रागवायचं नाही, दोन शब्द बोलायचे. काहीही बोल म्हणावं, तिला विषय लागत नाही. मग सोडते ती.

लेक: एवढं सगळं माझ्या लक्षात राहायचं नाही. तुम्हीच जा ना.

बाबा: सकाळी मला कुठे वेळ आहे? सहा गाई आहेत माझ्या.