गुरुवारच्या पट्ट्या

— नाही नाही फादर, त्या खुर्चीवर नका बसू, तिच्यावर धुतलेल्या चादरी आहेत, इकडे बाकावर बसा — आणि ऐकतेय मी, कान शाबूत आहेत माझे. खोली रिकामी करायची, कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचेत, हेच ना? तुम्हाला या चर्चमध्ये येऊन जेमतेम तीन आठवडे झाले, त्यातला एक सर्दीत गेला, आणि तेवढ्यात हीच एक खोली बरी तुमच्या नजरेत भरली!

करतो काय आम्ही इथे? जुन्या चादरी फाडतो, चार बोटं रुंद पट्ट्या काढतो, घट्ट गुंडाळतो, खोक्यात भरतो आणि समुद्रापलीकडे कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात पाठवतो. बत्तीस वर्षं. दर गुरुवारी, सकाळची मिस्सा झाली की. तिथली मोठी सिस्टर आपल्याच पॅरिशची, बेकरीवाल्याची थोरली. एकदा सुट्टीवर आली होती, तेव्हा तिथे खिडकीशी उभी राहून म्हणाली, जखमा रोज धुवाव्या लागतात, बांधायला कापड पुरत नाही. एवढंच म्हणाली. पुढच्याच गुरुवारी मी कात्री घेऊन हजर. तेव्हापासून लहानथोर सगळे मला पट्टीमावशी म्हणतात — तुम्हीही म्हणा, मला राग नाही.

हे काय, पत्र? सिस्टरचं? तुमच्या नावावर पाठवलंन? ... हं. अहो, दोन वर्षांपूर्वीही आलं होतं. मीच घेतलं पोस्टमनकडून. हेच होतं त्यात — आता गोळ्यांनी लोक बरे होतात, जखमा कमी झाल्या, पट्ट्या कारखान्यातून बंद पाकिटात येतात, तुमच्या नकोत, पायांना संवेदना नसलेल्यांसाठी मऊ तळाच्या चपला मात्र पाठवा. चांगलंच आहे की! लोक बरे झाले! मी देवाचे आभार मानले, गुडघे टेकून मानले, विचारा हवं तर त्याला — आणि मग पत्राची घडी करून शिवणाच्या डब्यात तळाशी घातलं. कुणाला सांगितलं? कुण्णाला नाही. आणि खोकी? त्या कपाटाला हात नका लावू, फादर. नका म्हटलं ना — उघडलंत. बघा आता. दोन वर्षांच्या पट्ट्या आहेत. आमच्या बायकांना वाटतंय बोटीवर चढल्या.

लबाडी म्हणा खुशाल. पापनिवेदनाला येईन तेव्हा काय ते सुनवा, आत्ता माझं ऐका. या चादरी कुणाच्या, ते विचारलंत? घरातलं माणूस जातं, त्याच्या अंथरुणावरची चादर मागे राहते. वापरवत नाही, टाकवत नाही, कुणाला देववत नाही. आमचे हे गेले तेव्हा मी आठ महिने ती उशाखाली ठेवली होती, न धुता. शेवटी इथे घेऊन आले. आणि फाडायला दोघी लागतात बरं का — एकीनं हे टोक धरायचं, दुसरीनं ते, कडेला कात्रीनं चीर द्यायची आणि ओढायचं. केवढा आवाज होतो, माहितीय? त्या आवाजात बाई काहीही बोलू शकते. मी तर शिव्या दिल्या. ह्यांना, डॉक्टरला, आणि हो, तुमच्या देवालाही. समोर आमच्यातलीच नर्सबाई होती टोक धरून, ती नुसती ओढत राहिली. आणि ते कापड कुणाच्या तरी जखमेला लागणार होतं, म्हणून फाडवलं हो मला! नुसतं या आणि रडा म्हटलं तर चिटपाखरू फिरकायचं नाही इथे. तुम्ही घेतलीत ना गेल्या रविवारी ती सांत्वनाची सभा — कोण आलं? तुम्ही आणि ऑर्गनवाला.

काय म्हणालात? चपला? ... दोन वर्षं तिकडे कुणी अनवाणी चाललं असेल, माझ्यामुळे? हे माझ्या मनात आलं नसेल असं वाटतं तुम्हाला? खिळा रुतला तरी कळत नाही हो त्यांना, सिस्टरनं लिहिलं होतं. चारदा पत्र बाहेर काढलं. चारदा परत ठेवलं. चुकलं माझं. झालं समाधान? रविवारी वेदीपुढे उभी राहून सांगते, सगळ्यांच्या देखत सांगते. चपलाही जातील, चांभाराला मी स्वतः धरून आणते, त्यात कसूर व्हायची नाही. पण खोली देणार नाही. कुलूप घातलंत तर बाहेर पायरीवर बसून फाडू, येणारे-जाणारे बघू देत.

बायकांना कळायला हवं म्हणता? मग सांगा की तुम्हीच. ती बघा, दारात उभी आहे — ड्रायव्हरची बायको. सोमवारी तुम्हीच माती दिलीत त्याला. पहिल्यांदाच आलीय इथे. पिशवी कशी छातीशी धरलीय बघा. जा, सांगा तिला, बाई, तुझ्या नवऱ्याची चादर आता कुणाला नकोय, घरी घेऊन जा. ... जा ना. ... का, काय झालं?

मग वाटेतून सरका, फादर. येऊ द्या तिला आत.