जावयाचा सरडा आणि माझा प्लग

नाही, मला एक सांगा, माझ्या खोलीतला हीटर काढायचा आणि तिथे सरड्याचा दिवा लावायचा, हा कुठला न्याय? का, तर म्हणे त्याचं रक्त थंड आहे! अहो, माझे पाय थंड आहेत, त्याचं काय?

सरडा कुणाचा? जावयाचा! पाळलाय! कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो ना तो... लेकीला घेऊन परदेशी निघाला आणि ही एवढी काचपेटी ठेवली माझ्या टेबलावर. वर व्याख्यान! "बाबा, सरपटणाऱ्या प्राण्यांचं अंग कोरडं असतं, खवल्यांचं. बेडकासारखं बुळबुळीत नाही. हात तर लावून बघा!" कशाला? मला काय सोयरीक जमवायचीय? "फुप्फुसांनी श्वास घेतात, बाबा." मग मी कशाने घेतो? "कात टाकतात, बहुतेक जण जमिनीवर अंडी घालतात. आणि खरी गंमत म्हणजे अंगात स्वतःची ऊब तयार करत नाहीत, बाहेरून घेतात!" म्हणजे ऐतखाऊच की हो! माझा धाकटा भाऊ जन्मभर तेच करतोय, त्याच्यावर नाही कुणी पुस्तक लिहिलं!

आणि खोलीत प्लग एकच. म्हणे सरड्याची धाव कुंपणापर्यंत! याची थेट माझ्या प्लगपर्यंत! बायकोला म्हटलं, तर ती... "अहो, जावयाचा आहे तो. त्याचं रक्त थंड आहे. तुम्ही मोजे घाला."

तुम्हाला सांगतो, परवा असा गारठा पडला, की मी गुपचूप दिवा काढला, हीटर लावला आणि झोपलो. सकाळी बघतो तर सरड्याचं लाकूड! हलवला, हाका मारल्या... नाव माहीत नाही, तरी मारल्या! बायको कपाळाला हात लावून, "आता लेकीला काय तोंड दाखवायचं? सासऱ्याने पाय शेकायला जीव घेतला म्हणेल हो जावई!" मी काय केलं, त्याला खिडकीत उन्हात ठेवला आणि गुलाबाच्या कुंडीत खड्डा खणायला घेतला. वळून बघतो तर काय, स्वारी मान वर करून ऊन खातेय! मेला नव्हताच! गारठला की बंद पडतो, ऊन लागलं की चालू! अरे, मग एवढ्या व्याख्यानात हे सांगायला काय झालं होतं?

आता बायकोने त्या प्लगला चिकटपट्टी लावलीय. हीटर माळ्यावर. काय करणार, त्याचं रक्त थंड आहे! मीच आपली खुर्ची ओढून काचेपाशी बसतो, त्याच्या दिव्यावर पाय शेकत. आणि तो एक डोळा उघडून असा बघतो माझ्याकडे... अगदी मी धाकट्या भावाकडे बघतो ना, तस्सा!