मागचा आरसा

भिंगरी: आत्या, तू पहाटे चारला उठतेस. लक्षात ठेव.

आत्या: मी? चारला घराला आग लागली तरी मी म्हणेन, नऊनंतर या.

भिंगरी: मग गच्चीवर बसून सूर्योदय बघतेस. आणि पाखरांशी बोलतेस.

आत्या: पाखरांशी! काय बोलते गं मी?

भिंगरी: ते नाही लिहिलं. जागा संपली.

आत्या: लिहिलं? कुठे?

भिंगरी: शाळेच्या अंकात. 'एका चित्रकर्तीचे छंद आणि आनंद'. तुझी मुलाखत.

आत्या: माझी मुलाखत झाली आणि मलाच पत्ता नाही?

भिंगरी: तुला त्रास नको म्हणून दोन्ही बाजूंनी मीच बोलले. बाईंना इतकी आवडली, इतकी आवडली, की मला थेट संपादक केलं! नववीतली पहिलीच! हा बघ बिल्ला! आणि… आत्ता त्या इथे येतायत. तुला भेटायला.

आत्या: अगं कार्टे!

भिंगरी: थाप कळली तर बिल्ला गेला माझा. प्लीज, आत्या! फक्त गंभीर दिस. आणि ते हातात काय आहे?

आत्या: वाळलेला रंग. पॅलेटवरून कडेकडेने, हळूच, अखंड सोलायचा. बघ, बघ… निघाला! न फाटता! आजचा दिवस सार्थकी लागला.

भिंगरी: शी! खपली काढल्यासारखं!

आत्या: अगदी तसंच. म्हणून तर मजा.

भिंगरी: फेक ते. आणि हे उंच स्टूल खिडकीत कशाला?

आत्या: हलवू नकोस! समोरचं सलून तिथूनच नीट दिसतं. केस कापून झाले की सलूनवाला डोक्यामागे आरसा धरतो ना, तेव्हा गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं. अर्धा सेकंद फक्त. मग माणूस सावरतो आणि म्हणतो, 'वा, छान!' मी तो अर्धा सेकंद काढते. बारा वह्या भरल्यात.

भिंगरी: बघू… अगं, हा तर रडकुंडीला आलाय! आणि हे… हे आमचे पी.टी.चे सर!

आत्या: स्वतःचं टक्कल त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, तो दिवस.

भिंगरी: थांब, पोट दुखतंय हसून! हे सगळं मला आधी का नाही सांगितलंस?

आत्या: विचारलंस कधी?

(दारावर टकटक.)

बाई: येऊ का आत? नमस्कार. तुमची मुलाखत तीनदा वाचली मी. ती सूर्योदयाची गच्ची दाखवता का जरा?

आत्या: गच्ची ना? भिंगरी, तूच सांग. तुला जास्त माहिती आहे.

भिंगरी: गच्चीला ना बाई… कुलूप असतं.

बाई: मग पाखरांशी कुठे बोलता?

भिंगरी: बाई, पाखरं नाहीत. गच्चीपण नाही. सगळं मी पलंगावर लोळत लिहिलं. आत्या नऊला उठते आणि रंगाच्या खपल्या काढते. हा घ्या बिल्ला.

बाई: तुझ्या 'माझी आजी' निबंधातली आजीसुद्धा पाखरांशीच बोलायची. तीनदा उगाच नाही वाचली मी.

भिंगरी: म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

बाई: तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. लाव तो बिल्ला परत. आणि वही काढ. आता खरी मुलाखत घे.

भिंगरी: आत्ता? हो! घेते! आत्या, प्रश्न पहिला. तुला सगळ्यात जास्त आनंद कशात…

आत्या: श्श! सलूनवाल्यानं आरसा उचलला.

बाई: सरका जरा. मला दिसत नाहीये.