तपासणीच्या केबलचं टोक

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरील मान्यवर, ताईंच्या घरची मंडळी आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

आज तीस जून, ताईंच्या निवृत्तीचा दिवस. अकरा वर्षं मी एका गोष्टीवर गप्प बसलो, त्याची माफी आधीच मागतो. शेवटी मागितली की ती टाळ्यांत विरून जाते.

आपण कारखान्यांच्या नेटवर्कसाठी मॉड्यूल बनवतो. बोटाएवढी वस्तू, पण विजेचा संदेश प्रकाश करून काचेच्या तंतूत सोडते. ताईंच्या यजमानांना बरीच वर्षं वाटायचं, बायको टॉर्च बनवते. हसा, ते समोरच बसलेत.

अकरा वर्षांपूर्वी ताई मॉड्यूलचं तोंड, म्हणजे केबल बसते ती जागा, साफ करायच्या, मग मी त्यात केबल घालून तपासायचो. एकदा एका पोलाद कारखान्यातून दोनशे मॉड्यूल परत आली. भट्टीशेजारच्या उष्णतेत जोडणी तुटत होती. प्रत्येक मॉड्यूलच्या तोंडावर प्रकाश अडवणारा तेलकट डाग. ताई एवढंच म्हणाल्या, "सर, तुमच्या केबलचं टोक एकदा बघता का?"

मी म्हणालो, आधी स्वतःचे हात बघा.

अहवालात कारण लिहिलं गेलं: सफाईत हलगर्जी. लिहिलं गेलं काय, मीच लिहिलं. ताईंची बदली पॅकिंगला झाली. चार दिवसांनी मी ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. डाग तिथेच होता. ताईंनी साफ केलेल्या प्रत्येक मॉड्यूलला मीच तो लावत होतो. गुपचूप नवी केबल जोडली. सांगायला असा किती वेळ लागला असता? पण त्याच आठवड्यात माझ्या बढतीचं चाललं होतं.

पॅकिंगमध्ये ताई प्रत्येक मॉड्यूलचं धूळ अडवणारं टोपण अंगठ्याने दोनदा दाबायच्या. ते बघवत नसे, म्हणून मी पलीकडच्या जिन्याने जायचो.

मघाशी चहाच्या वेळी त्यांना हे सगळं सांगितलं. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "नव्या केबलची रिकामी पिशवी तुमच्या कचऱ्याच्या डब्यात मी पाहिली होती. वाटलं, उद्या सांगाल."

अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, ताईंनी हे बोलायची परवानगी दिली, दोघांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या अहवालाच्या बाबतीत मात्र मला सांभाळून घेऊ नका.

उद्याचं काम एकच लिहून ठेवलंय: कपाटातून तो अहवाल काढायचा आणि 'कारण' या शब्दापुढे माझं नाव लिहायचं.