श्रेया मामाकडं गेलीय

आता तुम्हीच सांगा, चिकलठाणा काय दुबईला आहे का? आमच्या पुंडलिकनगरातून रिक्षात बसा, शेजारणीशी एक विषय काढा, तो संपायच्या आत चिकलठाणा! मग मामाकडं गेलेली पोरगी लसीच्या दिवशी परत का येऊ नये? पण नाय! आशाताई विशाखा गल्लीत शिरली रे शिरली, की शेजारच्या मनकर्णाबाई उंबऱ्यात फतकल मारणार आणि म्हणणार, "श्रेया मामाकडं गेलीय."

तुम्हाला सांगते, भिंतीला भिंत आमची. त्यांच्याकडं फोडणी पडली की ठसका मला लागतो! आणि त्या दीड वर्षाच्या नातीचे ते वाजणारे बूट... घरभर चुंचुं, चुंचुं. एकदा विशाखा दारात उभी, "आजी, अंगणवाडीत सिस्टर आल्यात, गोवराची लस राहिलीय तिची," आणि आतून चुंचुं! "हे काय वाजतंय?" तर म्हातारी म्हणते, "उंदीर हाय." उंदीर! बूट घालून! मी खिडकीतून म्हटलं, "मावशी, त्या उंदराला जरा बाहेर काढा की!" झालं... "मंजुषे, तुला गं लोकाच्या घरात नाक खुपसायची लई हौस!" व्हय, आहे हौस. मग?

बाई वाईट नाही हो. नातीला भरवल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही. पण मोठ्या नातवाला, सत्यमला, गोवराची सुई दिली तेव्हा त्याला ताप आला, दंड सुजला, आणि त्याच्या रडण्यानं हिच्या काळजानं जो धसका घेतला! "परत माझ्या लेकराला टोचून घ्यू? नाय." अहो, तो ताप सकाळी उतरलासुद्धा, पण ते कोण ध्यानात ठेवतंय? सून मेघा गाऊनच्या बाहीला डोळे पुसायची. सासूपुढं तोंड उघडायची काय बिशाद!

मग यंदा गल्लीत गोवर आला. आणि एक दिवस मला ठसकाच लागला नाही... दुसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, यांची फोडणी का बंद? जाऊन बघते, तर दाराला कडुलिंबाचा डहाळा. "गोवर निघालाय. देवीचं असतंय ते, दवाखाना चालत नाय. तू भाईरच थांब." मी कसली थांबते? आत पोरगी अंगभर लालेलाल, भात्यासारखी छाती उडतेय. "मावशी, अहो लेकरू धापा टाकतंय!" शेवटी मेघानंच उचललं तिला. अनवाणी पळाली.

डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया झालाय, लवकर आणायला पाहिजे होतं... मेघा परत आली ती रिकाम्या हातानं. आणि सत्यम? बहिणीच्याच अंथरुणात झोपायचा, त्याच्या अंगावर एक पुरळ नाही.

आता फोडणी पुन्हा पडते. ठसका लागतो. ते चुंचुं तेवढं नाही.

काल गल्लीत नवीन ताई आली, गोवराच्या लसीचं विचारत. हिला बिचारीला काय माहीत! "आजी, घरात लहान मूल आहे का?" म्हातारी उंबऱ्यात. हातानं उंबरा पुसला. मग म्हणाली, "श्रेया मामाकडं गेलीय."

ताईनं खाली पाहिलं. "बूट तर इथंच दिसतात, आजी..."

म्हातारीनं माझ्या खिडकीकडं पाहिलं. पहिल्यांदाच, स्वतःहून. आता मी गप्प बसणारी बाई आहे का? तुम्हीच सांगा...

म्हटलं, "व्हय ताई, गेलीय. बूट घालायचे राहिले."