सत्त्याऐंशी सालची सात पिंपं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मन्मथआप्पा, व्यासपीठावरील संचालक मंडळ, लातूरहून सवड काढून आलेले पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती शिवकांताबाई, त्यांच्या मातोश्री गौरम्मा, कारखान्यातील कामगार, बागायतदार आणि मुरूडकर बंधू-भगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. एवढ्या वेळात माझ्याकडून नुसती नावं घेऊन होतात, हे आप्पांना ठाऊक आहे. तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहू नये.

ब्याऐंशीला आपला जिल्हा नवा झाला, त्याच साली हा द्राक्षाच्या वाईनचा कारखाना उभा राहिला आणि त्याच साली शिवकांताबाई प्रयोगशाळेत रुजू झाल्या. देवणीची मुलगी, रसायनशास्त्राची पदवी, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. घरात दारूचं नावही कोणी काढत नसे. पाहुणे गौरम्मांना विचारायचे, "पोरगी दारूच्या कारखान्यात?" गौरम्मा म्हणायच्या, "ती द्राक्षं तपासते." आणि ते खरंच होतं. बाईंनी पंचवीस वर्षं हजारो घोट तोंडात घेतले, पारखले आणि थुंकून चूळ भरली. एक थेंब कधी गिळला नाही.

पोर्ट वाईन म्हटलं की आपल्याकडे गोव्याची गोड बाटली आठवते. बाईंनी आम्हाला शिकवलं, की द्राक्षाचा रस फसफसू लागला की मधेच त्यात द्राक्षाचीच कडक ब्रँडी घालायची. फसफसणं थांबतं आणि गोडी आत राहते. पण एखाद्याच वर्षाची पोर्ट त्या सालाचं नाव लावून वीस-तीस वर्षं ठेवण्याच्या लायकीची होते. असं वर्ष कोणतं? ते मी फार उशिरा शिकलो.

शहाऐंशीला पाऊस गेला. विहिरींनी तळ दाखवला. आमचे बागायतदार माणिकप्पा, त्यांच्या काळ्या द्राक्षांच्या मांडवाला एक आड एक दिवस जेमतेम पाणी मिळत होतं. आणि सत्त्याऐंशीच्या जानेवारीत, उन्हात ह्या बाई तिथे जाऊन म्हणाल्या, "आप्पा, अर्धे घड खाली पाडा."

मी तेव्हा कारखान्याचा अध्यक्ष. धावत गेलो. म्हणालो, "बाई, हे काय करायलात? आधीच काही न्हाई, त्यात अर्धं मातीत?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेबराव, सगळे घड ठेवले तर वेल एकालाही पिकवू शकणार नाही. अर्धे ठेवले तर उरलेले पुरते पिकतील. मणी बारीक राहील, साल जाड होईल. रंग आणि जोर सालीतच असतो."

माणिकप्पांनी कात्री घेतली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्यांनी आपल्या हातांनी घड पाडले, आणि बाई शेवटच्या ओळीपर्यंत त्यांच्याबरोबर उभ्या होत्या. मी मात्र अर्ध्यातून घरी गेलो. बघवेना.

फेब्रुवारीत दिवस तापायचे, पहाट गार असायची. काढणीपर्यंत अवकाळीचा एक थेंब आला नाही. बाई रोज बी दाताखाली धरून फोडायच्या. बी तपकिरी होऊन कट्कन फुटेपर्यंत त्यांनी तोडणी करू दिली नाही. शेवटी भरली ती सात पिंपं. फक्त सात.

दुष्काळ पडला की पोर्ट चांगली होते, असं मात्र समजू नका. पुढच्या वर्षीही कोरडंच होतं. तेव्हा मणी वेलावरच वाळले. बाईंनी त्या सालाला नाव दिलं नाही. पाण्याचा ताण, ऊन, गारवा, कोरडी तोडणी आणि माणसाचा धीर, हे सगळं एका वर्षात जुळावं लागतं.

आता माझी कथा. सात पिंपं वेगळी सांभाळायची कशाला, नेहमीच्या मालात मिसळून टाका, असा ठराव मी संचालकांच्या सभेत मांडला. बाईंनी तळघराची चावी टेबलावर ठेवली. "चावी घ्या, राजीनामाही घ्या. पण आधी चव बघा."

मी घोट घेतला. जीभ आखडली. म्हणालो, "लई तुरट हाय हो."

"तुरट आहे म्हणूनच ठेवायची," बाई म्हणाल्या. "हा तुरटपणाच तिला सांभाळणार आहे. दोन वर्षं पिंपात, मग बाटलीत. मला वीस वर्षं द्या."

वीस वर्षं! सभेत हशा झाला. तेव्हा माणिकप्पा उठले. ते संचालक होते, पण सभेत कधी बोलत नसत. "म्या घड पाडले ते हिच्या शब्दावर. आता मिसळून टाकलं तर म्या ते उगाच पाडले म्हणायचं का?" इतकंच बोलून ते खाली बसले. मतदान झालं. एका मताने पिंपं वाचली. मी विरोधात मत दिलं होतं. हे मी आजवर कोणत्याही भाषणात सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी मुंबईत पोर्ट वाईनचं परीक्षण झालं. बाटल्यांना कागद गुंडाळलेले, कोणती कुठली ते कुणालाच माहीत नाही. परीक्षकांत पोर्तुगालचे एक वृद्ध गृहस्थ होते, चार पिढ्या ह्याच धंद्यातले. पहिल्या आलेल्या बाटलीचा कागद काढला, तर ती आपली सत्त्याऐंशीची. त्यांनी लेबल दोनदा वाचलं. मग बाईंना विचारलं, "त्या वर्षी पाऊस किती झाला होता?"

बाई म्हणाल्या, "झालाच नाही म्हणा."

ते गृहस्थ उठले आणि भर सभागृहात त्यांनी बाईंना हात जोडले. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मुरूडचं नाव तिथे मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा मला बसवेना, मीही उभा राहिलो.

परतल्यावर बाई घरी गेल्या नाहीत. एसटीतून उतरल्या त्या थेट माणिकप्पांच्या घरी. माणिकप्पांना आता दिसत नाही, आणि तेही पीत नाहीत. बाईंनी त्याच पोर्टचा पेला त्यांच्या हातात दिला. माणिकप्पांनी तो नाकाशी धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाले, "माझ्याच रानाचा वास हाय." मग दोघंही रडली. मी दारात होतो, म्हणून सांगू शकतो.

मंडळी, दहा मिनिटं केव्हाच संपली. मन्मथआप्पांनी मला आवरलं नाही, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही मागेपुढे झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर वयाकडे पाहून सोडून द्या. एक वाक्य मात्र वीस वर्षं उशिरा का होईना, सर्वांसमक्ष बोलून खाली बसतो. शिवकांताबाई, तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं.